स्वावलंबनाचा पाया प्रयोगशाळेत

नवी दिल्ली येथे २ सप्टेंबर २०२५ रोजी भरलेल्या 'सेमिकॉन इंडिया' परिषदेत पंतप्रधानांच्या हाती एक लहानशी वस्तू सोपविण्यात आली. 'विक्रम' या नावाची ती ३२ बिटची चिप होती. तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि मोहालीची सेमिकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून घडविलेली ही चिप अंतराळ-प्रक्षेपणाच्या कठोर परिस्थितीत टिकून काम करण्यासाठी आहे. त्याच्या दीड वर्ष आधी, १३ मार्च २०२४ रोजी, गुजरातमधील धोलेरा येथे ९१ हजार कोटी रुपये खर्चाच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली होती. हातातल्या दूरध्वनीपासून रणांगणावरील शस्त्रापर्यंत बहुतेक सर्व उपकरणांच्या चिप्स ज्या देशाला परक्यांकडून आणाव्या लागल्या, त्या देशाने या दोन घटनांचा आनंद मानला तर त्यात वावगे काहीच नाही.

परंतु उत्सवाचा गुलाल खाली बसल्यावर एक प्रश्न शांत चित्ताने विचारावा लागतो. 'विक्रम' ही १८० नॅनोमीटर पिढीची चिप आहे. अग्निबाणाच्या कामासाठी ही पिढी विश्वासार्ह आहे, त्यामुळे त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. तथापि जगाच्या बाजारात ही पिढी विसाव्या शतकाच्या अखेरीस आली, हेही खरे. धोलेरा येथील कारखान्यासाठी ठरलेले तंत्रज्ञान तैवानच्या पॉवरचिप या कंपनीकडून यावयाचे आहे. म्हणजे भिंती आपल्या, भांडवल आपले, हात आपले. पण त्या हातांना वळण देणारे ज्ञान मात्र अद्याप दुसऱ्याचे. हे ज्ञान जन्मते कोठे? ते कारखान्यात क्वचितच जन्मते. विद्यापीठांच्या तळघरांत, धूळ येऊ नये म्हणून बंदिस्त केलेल्या खोल्यांत, पदार्थाच्या अतिसूक्ष्म तुकड्यातून इलेक्ट्रॉन कसा वाहतो याचा वर्षानुवर्षे शोध घेणाऱ्या थोड्या माणसांच्या डोक्यात ते जन्मते. कारखाना दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. प्रयोगशाळा दिसत नाही. म्हणूनच तिच्याविषयी बोलणे अगत्याचे आहे.

वाट अरुंद झाली की नियम बदलतात

जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. तार जितकी लांब, तितका विजेच्या प्रवाहाला होणारा रोध अधिक. याचे कारणही सोपे आहे. पुण्याच्या तुळशीबागेत सणाच्या दिवशी शिरलेला मनुष्य जसा दर दोन पावलांवर कोणाला ना कोणाला धडकतो, तसा तारेतील इलेक्ट्रॉन धातूच्या थरथरत्या अणूंना आणि त्यातील अशुद्धींना धडकत पुढे सरकतो. गल्ली लांब तर धक्के अधिक. नेहमीच्या तापमानाला तांब्यातील इलेक्ट्रॉन एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंत सरासरी सुमारे ४० नॅनोमीटर धावतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. मराठीत या शास्त्राला अब्जांश तंत्रज्ञान असे अन्वर्थक नाव मिळाले आहे, ते यामुळेच.

आता ती गल्लीच दोन पावलांची झाली तर? मग कोणी कोणाला धडकण्याआधीच माणूस पलीकडे पोचेल. अशा वाटेचा रोध शून्य व्हावा, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. आयबीएम कंपनीतील शास्त्रज्ञ रोल्फ लँडाउअर यांनी १९५७ मध्ये या कोड्याकडे नव्या दृष्टीने पाहिले. गल्लीतील धक्के संपले तरी दार उरतेच, आणि त्या दारातून एका वेळी किती जण शेजारीशेजारी जाऊ शकतात यावर सारे अवलंबून राहते. दार थोडेसे रुंद केले म्हणून अर्धा माणूस अधिक जात नाही. आणखी एका माणसाची जागा झाली की मगच संख्या एकाने वाढते. इलेक्ट्रॉन हा कणाप्रमाणेच तरंगही आहे आणि अरुंद वाटेत त्याचे ठरावीक तरंगच मावतात, म्हणून त्याच्याही बाबतीत असेच घडते. १९८८ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठ व फिलिप्स कंपनी यांच्या गटाने आणि इंग्लंडमधील केंब्रिजच्या गटाने स्वतंत्रपणे ते दाखवून दिले. वाट हळूहळू रुंद करीत नेली, तर विजेचे वहन उतारासारखे न वाढता जिन्याच्या पायऱ्यांसारखे वाढत गेले. पहिल्या पायरीवरचा रोध होता सुमारे १२ हजार ९०६ ओहम. हा आकडा पदार्थावर अवलंबून नाही. निसर्गाच्या दोन मूलभूत स्थिरांकांतून तो निघतो.

लँडाउअर यांच्या विचारापासून या पायऱ्या दिसेपर्यंत एकतीस वर्षे लोटली. दरम्यान त्यांना कोणी 'याचा उपयोग काय?' असे विचारले असते, तर पटण्याजोगे उत्तर देणे त्यांना कठीण गेले असते. आज ते उत्तर प्रत्येकाच्या खिशात आहे. आधुनिक चिपमधील अनेक तारा इलेक्ट्रॉनच्या त्या ४० नॅनोमीटरच्या धावेपेक्षाही बारीक झाल्या आहेत. तांब्याची तार इतकी बारीक झाली की इलेक्ट्रॉन तिच्या कडांवरच आपटू लागतो आणि रोध वाढतो. दुसरी अडचण याहून विलक्षण. प्रवाह रोखण्यासाठी घातलेली भिंत चारपाच अणूंइतकी पातळ झाली, की पुंजयामिकीच्या नियमानुसार इलेक्ट्रॉन तिच्यातून आरपार निघून जातात. भिंत जागेवर असते, दरवाजा बंद असतो, तरी घरातले सामान बाहेर गेलेले असते! या गळतीमुळे चिप तापते आणि विजेची नासाडी होते. अखेर इंटेल कंपनीने २००७ मध्ये सिलिकॉन ऑक्साइडची ती पातळ भिंत सोडून हाफ्नियमयुक्त पदार्थाची जाड भिंत स्वीकारली. '५ नॅनोमीटर', '३ नॅनोमीटर' ही चिपच्या पिढ्यांची नावे तर आता बाजारातील नावेच उरली आहेत. प्रत्यक्ष मापाशी त्यांचा थेट संबंध राहिलेला नाही. आकार लहान करीत जाण्याचा सोपा मार्ग संपत आला आहे. पुढची शर्यत इलेक्ट्रॉनची वाट कोणाला अधिक नेमकी कळली, याचीच आहे.

हरवलेल्या पोलादाचा धडा

कसब आणि ज्ञान यांतील अंतर काय असते, हे भारताइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असावे? दक्षिण भारतात घडणारे 'वुट्झ' पोलाद एके काळी जगात नावाजलेले होते. पश्चिम आशियातील लोहार त्याच्यापासून दमास्कसच्या प्रसिद्ध तलवारी घडवीत. २००६ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी सतराव्या शतकातील अशा एका तलवारीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात त्यांना कार्बनच्या अब्जांश नळ्यांचे अवशेष दिसले. ही बातमी आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते आणि ते साहजिक आहे. मात्र तिची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. त्या लोहारांचे कसब अजोड होते. पण पोलाद तसे का बनते, हे त्यांना ठाऊक असण्याचा काही मार्गच नव्हता. परिणामी एकोणिसाव्या शतकात जेव्हा ती भट्टी विझली, तेव्हा तिच्याबरोबर विद्याही विझली. त्याच पोलादाचे नमुने घेऊन १८१९ च्या सुमारास लंडनमध्ये मायकेल फॅरेडे त्याचे रहस्य शोधत बसले होते. वस्तू आपली, कसब आपले, आणि 'का?' हा प्रश्न मात्र परक्याचा!

धोलेरा काय किंवा अन्य कोणता कारखाना काय, त्याच्यापुढेही हाच धोका आहे. उसन्या कृतीवरून पदार्थ उत्तम करता येतो. परंतु कृती देणाऱ्याने पुढचे पान दिले नाही, किंवा बाजाराने नवी चव मागितली, तर ज्याला कृतीमागील कारण ठाऊक आहे तोच तरतो.

बर्कले येथील पंधरा वर्षे

१९९० च्या दशकाच्या मध्यास ट्रान्झिस्टरचा आकार २५ नॅनोमीटरच्या खाली नेता येणार नाही, असे चिप उद्योगातील अनेक जाणत्यांचे मत होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याशी संलग्न संशोधन संस्थेने १९९६ मध्ये विद्यापीठांना आवाहन केले, की या मर्यादेपलीकडे जाण्याचा मार्ग शोधा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक चेनमिंग हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आव्हान घेतले. जपानमधील हिताची कंपनीच्या संशोधकांनी १९८९ मध्ये एक उभ्या रचनेचा ट्रान्झिस्टर करून पाहिला होता, त्या विचाराची जोड त्यांना मिळाली. इलेक्ट्रॉनची वाट जमिनीवर सपाट न ठेवता माशाच्या परासारखी उभी करावयाची, आणि तिला तिन्ही बाजूंनी वेढून प्रवाहावर ताबा मिळवायचा, ही ती कल्पना. नळीतून पाणी गळत असेल तर तिला एका बोटाने वरून दाबण्याऐवजी मुठीत धरावे, तसा हा उपाय. माशाच्या पराला इंग्रजीत 'फिन' म्हणतात, म्हणून या रचनेला 'फिनफेट' हे नाव पडले.

१९९९ मध्ये बर्कलेच्या गटाने आपला निष्कर्ष जाहीर केला. इंटेलने या पद्धतीची चिप बाजारात आणण्याची घोषणा केली २०११ मध्ये. आवाहनापासून घोषणेपर्यंत पंधरा वर्षे! त्यानंतरच्या दशकात जगातील बहुतेक उत्तम चिप्स याच रचनेवर उभ्या राहिल्या. ज्या संशोधनाने एका संपूर्ण उद्योगाला नवे आयुष्य दिले, ते कोणत्या कंपनीच्या तिमाही ताळेबंदात बसले असते? एखाद्या मंत्रालयाने तीन वर्षांनी 'फलनिष्पत्तीचा तक्ता' मागितला असता, तर त्यात हू यांनी काय भरून दिले असते? संरक्षणाची गरज ओळखणारे शासन, मोकळीक देणारे विद्यापीठ आणि योग्य वेळी ते फळ तोडणारा उद्योग, अशी तिघांची साखळी तेथे होती. या तिघांपैकी एकही कडी निखळली असती, तर हा शोध एखाद्या प्रबंधाच्या पानांतच राहिला असता.

तैवान पुढे गेला, मोहाली मागे राहिली

या हू यांची एक गोष्ट आवर्जून ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांचे बालपण तैवानमध्ये गेले, शिक्षण तेथील राष्ट्रीय विद्यापीठात झाले आणि पुढे ते अमेरिकेत स्थिरावले. २००१ ते २००४ या काळात मात्र ते तैवानच्या टीएसएमसी या जगद्विख्यात चिप कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते. बाहेर गेलेल्या विद्वानाला उपयोगी पडता येईल असे घर मायदेशाने आधी बांधून ठेवले होते. १९७६ मध्ये तैवानने अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून तंत्रज्ञान घेतले आणि आपले तरुण अभियंते शिकण्यासाठी तेथे धाडले. १९८० मध्ये सिंचू येथे विज्ञान उद्यान उभारले, तेही दोन तांत्रिक विद्यापीठांच्या शेजारी. टीएसएमसी स्थापन झाली १९८७ मध्ये. विद्यापीठ आधी, कारखाना नंतर, असा हा क्रम आहे.

भारत त्या वेळी फार मागे होता असे नाही. मोहाली येथील सरकारी चिप कारखान्यात १९८४ मध्येच, म्हणजे टीएसएमसीच्या जन्माच्या तीन वर्षे आधी, उत्पादन सुरू झाले होते. १९८९ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत तो भस्मसात झाला आणि पुन्हा उभा राहण्यात मोलाची वर्षे निघून गेली. आग हा अपघात मानता येईल. पण एका इमारतीला आग लागली आणि एका देशाची या क्षेत्रातील वाटचालच खुंटली, हे कसे घडले? ते घडले, कारण त्या इमारतीबाहेर या विद्येचा पुरेसा विस्तारच झालेला नव्हता. वडाचे एक खोड जळाले तरी पारंब्या त्याला तगवतात. आपण पारंब्या रुजविल्याच नव्हत्या.

आशेचे दिवे

याचा अर्थ या भूमीत हे बीज नव्हतेच असा नाही. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी तुटपुंज्या साधनांनिशी, स्थानिक कारागिरांच्या मदतीने उपकरणे घडविली आणि गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाने विद्युत्तरंग टिपून दाखविले. त्यासाठी १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर १९०४ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. अर्धसंवाहकाचा उपयोग करणाऱ्या उपकरणाच्या अगदी आरंभीच्या पेटंटांत त्याची गणना होते. व्यापारी हक्कांविषयी उदासीन असलेल्या बसूंना या कामी राजी करण्यात भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांचा वाटा होता. ज्ञानाचा मान राखावा, पण त्यावरील हक्कही सोडू नये, हे त्या दोघींना कळले होते.

अलीकडच्या काळात शासनाने उचललेली पावलेही नोंदविली पाहिजेत. २००६ मध्ये मुंबईची आयआयटी आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था येथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची उत्कृष्टता केंद्रे उभी राहिली. २००७ मध्ये पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांची तरतूद करून 'नॅनो मिशन' सुरू झाले. या केंद्रांतील महागडी यंत्रे इतर विद्यापीठांतील संशोधकांनाही वापरू देणारी योजना आखण्यात आली, ही त्यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट. २०२१ च्या डिसेंबरात ७६ हजार कोटींची सेमिकंडक्टर योजना आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे ६ हजार कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झाले.

या पेरणीला फळे येऊ लागली आहेत. मुंबई आयआयटीतील प्राध्यापक उदयन गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहालीच्या प्रयोगशाळेबरोबर काम करून एक स्मृती-चिप तंत्रज्ञान उत्पादनयोग्य केले, ते २०२१ मध्ये जाहीर झाले. सुमारे दहा अणूंच्या थरांइतका पातळ सिलिकॉन ऑक्साइड घ्यावयाचा आणि अवघ्या ३.३ व्होल्टच्या दाबाने त्यात जणू सूक्ष्म वीज पाडून कायमची नोंद करावयाची, असे त्याचे स्वरूप. पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन निसटतो ही जगाची डोकेदुखी. पवईच्या संशोधकांनी भिंतीच्या त्याच पातळपणाला कामाला लावले! उपकरणे घडताना राहून गेलेले बारीक दोष सुधारण्यासाठी अशा नोंदीचा उपयोग होतो. विद्यापीठातील विद्या आणि देशी कारखाना यांची सांगड घालता येते, याचा हा पुरावाच होय.

दुसरे उदाहरण बंगळूरूचे. पेन्सिलीतील ग्रॅफाइटचा एकच अणूइतका जाड थर म्हणजे ग्रॅफिन. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कोन्स्तांतिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो साध्या चिकटपट्टीने वेगळा केला आणि २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतीय विज्ञान संस्थेत अरिंदम घोष यांच्या गटाने अत्यंत शुद्ध ग्रॅफिनमधून इलेक्ट्रॉन वाहू दिले आणि २०२५ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. जो धातू वीज चांगली वाहतो तो उष्णताही त्याच प्रमाणात वाहतो, असा १८५३ पासूनचा नियम आहे. या प्रयोगात, एका विशिष्ट अवस्थेत, कमी तापमानाला तो नियम दोनशेहून अधिक पटींनी मोडला. तेथे इलेक्ट्रॉन सुटे सुटे न धावता एखाद्या द्रवासारखे एकजीव होऊन वाहत होते. वारीत चालणारा वारकरी जसा एकटा चालत नाही, दिंडीच चालते, तसे काहीसे!

कोठे अडते?

या दुसऱ्या उदाहरणातच एक सत्य दडलेले आहे. असे शुद्ध ग्रॅफिन मिळवायचे तर ते बोरॉन नायट्राइडच्या निर्दोष स्फटिकांमध्ये बसवावे लागते. जगभरातील शेकडो प्रयोगशाळांना हे स्फटिक जपानच्या त्सुकुबा येथील राष्ट्रीय संस्थेतील वातानाबे आणि तानिगुची हे दोन शास्त्रज्ञ पुरवीत आले आहेत. प्रचंड दाब आणि उष्णता देऊन संयमाने ते स्फटिक वाढवीत बसण्यात त्यांची हयात गेली. बंगळूरूच्या संशोधनातही या जपानी संस्थेचा सहभाग होता. विज्ञानात सहकार्य हवेच. परंतु जो स्फटिक वाढवतो त्याच्याकडे जग हात पसरते, हा बोध त्यातून घ्यावयाचा की नाही? आपल्याकडील प्रयोगशाळांत फिरून पाहिले तर इलेक्ट्रॉन-शलाकेचे यंत्र परदेशी, निर्वात पंप परदेशी, अतिशीत तापमानासाठी लागणारा हेलियमही परदेशी. यंत्र बिघडले की सातासमुद्रापलीकडून तंत्रज्ञ येईपर्यंत विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे महिने वाया जातात.

त्यात आपली नियमावली भर घालते. २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरील मूलभूत सीमाशुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्के करण्यात आले होते. गैरवापर रोखण्याचा हेतू असेलही. पण भाजला जाणार होता संशोधक. वैज्ञानिकांनी आवाज उठविल्यावर काही दिवसांतच प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांसाठी ते पूर्ववत करण्यात आले, हे योग्यच झाले. प्रश्न असा, की असा निर्णय होण्यापूर्वी एखाद्या प्रयोगशाळेत जाऊन विचारावे असे कोणालाच का सुचले नाही?

पैशांची बाब तर सर्वांपुढे आहे. संशोधन आणि विकास यांवरील देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. दक्षिण कोरियासारखा लहान देश त्याच सुमारास जवळजवळ पाच टक्के खर्च करीत होता. याचा सारा दोष शासनाच्या माथी मारून चालणार नाही. आपल्या या तुटपुंज्या खर्चात खासगी उद्योगांचा वाटा एकतृतीयांशाच्या आसपासच आहे. परदेशी तंत्र विकत घ्यावे, त्यावर आपली मोहोर उठवावी आणि नफा मोजावा, ही व्यापारी वृत्ती उद्योगपतींनी सोडल्याशिवाय स्वावलंबन हा शब्द भाषणापुरताच राहील. १९०९ मध्ये सुरू झालेल्या ज्या भारतीय विज्ञान संस्थेचा आज अभिमान वाटतो, तिच्या मुळाशी जमशेटजी टाटांसारख्या उद्योगपतीचे दातृत्व होते, याचे स्मरण आजच्या धनवंतांना कोणी करून द्यावे? २०२५ च्या जुलैत मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन योजनेचा भर खासगी क्षेत्राला या कामी पुढे आणण्यावर आहे. ती यशस्वी व्हावयाची तर उद्योगांनी अनुदानाच्या पलीकडे पाहिले पाहिजे.

आणखी एक उणीव आपल्या अंगणातली आहे. देशातील बहुसंख्य विद्यार्थी आयआयटीत नसतात. ते राज्यांच्या विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत असतात. तेथेही गुणवत्ता आहे. पुणे विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी लिहिलेले अब्जांश तंत्रज्ञानाचे पाठ्यपुस्तक परदेशी प्रकाशनसंस्थेने काढले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने या विषयाचा स्वतंत्र विभाग चालविला आहे. अशा ठिकाणी रिक्त पदे वेळेवर भरणे, यंत्रांच्या देखभालीसाठी दरवर्षी पैसा देणे आणि ती यंत्रे हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला मानाचे स्थान देणे, ही कामे कोणत्याही उद्घाटनापेक्षा मोलाची आहेत. यंत्र घेताना फीत कापली जाते. यंत्र बंद पडते तेव्हा कोणी येत नाही.

घराघरांत घ्यावयाचा निर्णय

सुप्रियो दत्त यांनी खरगपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये पदवी घेतली, अमेरिकेत १९७९ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि १९८१ पासून पर्ड्यू विद्यापीठात इलेक्ट्रॉन-वहनाचा अभ्यास केला. जगभर या विषयाचे विद्यार्थी त्यांच्या पुस्तकांवरून शिकतात. १९९० मध्ये त्यांनी विश्वजित दास यांच्यासह इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. २००९ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी ती प्रयोगात उतरविल्याचे जाहीर केले. कल्पना दोन भारतीयांची, भूमी अमेरिकेची, प्रयोग कोरियाचा! दत्त यांना दोष देण्याचे काही कारण नाही. आपली व्याख्याने त्यांनी सर्वांना विनामूल्य खुली केली आणि त्यांचा लाभ येथील विद्यार्थ्यांनाही झाला. विचार करावयाचा तो इतकाच, की त्या काळी खरगपूरहून निघालेल्या तरुणाला देऊ शकेल अशी प्रयोगशाळा देशात किती ठिकाणी होती? आणि आजच्या तरुणासाठी ती किती ठिकाणी आहे?

येथे मध्यमवर्गीय कुटुंबाचाही प्रश्न येतो. पदार्थविज्ञानात उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलीने किंवा मुलाने संशोधनाला जायचे म्हटले, की घरात चिंतेचे सावट पसरते. शेजारच्या मुलाला संगणक कंपनीत मिळालेल्या पगाराचा आकडा जेवणाच्या ताटाभोवती फिरू लागतो. ही चिंता खोटी नाही. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७ हजार रुपये विद्यावेतन मिळते. ते वेळेवर हाती न पडल्याच्या तक्रारी देशभर ऐकू येतात. पाचसहा वर्षे घासून डॉक्टरेट मिळवावी आणि पुढे कायम नोकरीची शाश्वती नसावी, ही स्थिती बदलण्याचे उत्तरदायित्व शासनाचे आहे. विद्यावेतन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा होणे, ही कोणत्याही मोहिमेची पहिली कसोटी मानली पाहिजे. पण समाजालाही काही करता येईल. सीमेवर जाणाऱ्या मुलाकडे समाज आदराने पाहतो, म्हणून घरची माणसे डोळ्यांत पाणी असूनही त्याला निरोप देतात. प्रयोगशाळेत आयुष्य घालविणाऱ्या मुलीकडेही तशाच आदराने पाहिले गेले, तर अनेक घरांतील निर्णय बदलतील.

'गरीब देशाला हे परवडते काय?' असा आक्षेप नेहमी घेतला जातो. ज्या देशात अद्याप अनेक खेड्यांत धड पाणी नाही, तेथे अणूंच्या भिंती मोजत बसणे ही चैन नव्हे काय? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. तैवान आणि कोरिया हे देश या मार्गाला लागले तेव्हा तेही श्रीमंत नव्हते. ते नंतर श्रीमंत झाले. आणि शेतातील पंप, रुग्णालयातील यंत्र, रेल्वेचे सिग्नल व सैनिकाचे शस्त्र या साऱ्यांत चिप बसलेली असताना तिच्यासाठी कायम परक्याच्या मर्जीवर राहणे, हीच खरी न परवडणारी चैन आहे. कारगिलच्या युद्धाने, करोनाच्या साथीने आणि २०२१ च्या सुमारास जगभर जाणवलेल्या चिप-टंचाईने हा धडा पुरेसा स्पष्ट शब्दांत दिला आहे.

चिपचा कारखाना चारपाच वर्षांत उभा करता येतो. त्या कारखान्याला पुढची दिशा दाखविणारा संशोधक घडायला वीस वर्षे लागतात, आणि ते वीस वर्षांचे गणित कोणत्याही एका सरकारच्या कारकिर्दीत बसत नाही. म्हणून ते समाजालाच सांभाळावे लागते. सरकारे येतील आणि जातील. योजनांची नावेही बदलतील. शाळेत ओहमचा नियम शिकताना 'वाट दोन पावलांची असेल तर काय होईल?' असे विचारणाऱ्या मुलाला गप्प न बसविणारा शिक्षक, त्या मुलाला तीन वर्षांत हिशेब न मागणारे विद्यापीठ, आणि त्याच्या शोधाची वाट पाहण्याची तयारी असणारा उद्योग ही तिघे ज्या दिवशी एका रांगेत उभी राहतील, त्या दिवशी मोहालीच्या किंवा धोलेराच्या चिपवर कोरलेले नाव आणि तिच्यामागील ज्ञान, दोन्ही आपली असतील.